बोट लागणे

गोपीनाथला कुठल्याही गोष्टीची आधी तालीम लागायची. गणपतीच्या आरत्यासुद्धा तो आठ दिवस आधी एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचा. तेव्हा जूनअखेर शाळा सुटल्या की क्रोएशियाच्या किनाऱ्याने, बेटाबेटांवर थांबत, सात दिवस बोटीतून फिरायचं ठरलं, तर त्याचीही तालीम होणारच होती. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याने बत्तीसच्या बत्तीस जणांना शारजाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरात न्यायचं ठरवलं.

"चार तास समुद्रात काढायचे," त्याने ग्रुपवर आवाज पाठवला होता. "कुणाला बोट लागते ते आत्ताच कळू दे. ज्याला लागेल त्याला गोळ्या सांगून ठेवू. तिकडे जाऊन सगळे एकदम ओकायला लागले तर मी एकटा कुणाकुणाची पाठ चोळू?"

त्यावर बऱ्याच जणांनी हसणारी तोंडं पाठवली. गुणवंतने काही पाठवलं नाही. त्याला किळस आली.

हल्ली त्याला सगळ्याचीच किळस यायची. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी रोज सकाळी अत्तराचा वास ठेवून जायचं, त्याची. ऑफिसात मायक्रोवेव्हमध्ये गरम होणाऱ्या माशाची. 'काळ हेच औषध' म्हणणाऱ्यांची. स्वतःच्या उशीची. विभावरीला, त्याच्या बायकोला, जाऊन तीन महिने होत आले होते. या तीन महिन्यांत कुणी बोलायला लागलं की त्याला आधी समोरच्याचे दात दिसायचे, शब्द मागून ऐकू यायचे.

तरी तो या सहलीला जाणार होता, कारण सहल विभावरीची होती. मागच्या वर्षी पाडव्याला गोपीनाथच्या अल कुसैसच्या घरी जेवताना तीच म्हणाली होती, "दर वर्षी पुणे, दर वर्षी कुणाचं तरी लग्न. एकदा तरी अशा ठिकाणी जाऊ या, जिथे आपला एकही नातेवाईक नाही."

गोपीनाथ म्हणाला, "वहिनी, तुम्ही तीस माणसं जमवा. आपण अख्खी बोट घेऊ."

तिने दीड महिन्यात जमवली. फोन करून करून जमवली. मग थांबायच्या सहा बेटांची नावं कागदावर लिहून तिने फ्रिजवर लावली. त्यातलं म्ल्येत हे नाव तिला काही केल्या म्हणता येईना. "हे बेट आहे की ठसका?" असं ती विचारायची, आणि आल्यागेल्याला ते नाव म्हणायला लावायची.

ऑक्टोबरात तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सतरा जानेवारीला ती गेली.

तेराव्याला घर भरलेलं असताना गुणवंत उभा राहून म्हणाला, "मी क्रोएशियाला जाणार आहे. केबिन नंबर नऊ. तिचा पलंग रिकामा राहील. तिचं नाव यादीतून काढायचं नाही."

बायका डोळे पुसायला लागल्या. गोपीनाथ चपलांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "बघू. इन्शाल्ला."

त्या दिवसापासून गुणवंत ही एकच गोष्ट धरून बसला होता. बाकी सगळीकडून तिचं नाव त्यानेच काढलं होतं. तिचा व्हिसा रद्द करायच्या अर्जावर त्याची सही होती. वकिलातीत तिच्या पासपोर्टचा कोपरा कातरीने कापला तेव्हा समोर तोच उभा होता. बँक, विमा, टेलिफोन, सगळीकडे तोच. एका तरी यादीत ती राहायला हवी होती. आणि ती शेवटची यादी आज जायची होती. खोर फक्कानहून परत येताना गोपीनाथ सगळ्यांना नावं वाचून दाखवणार होता आणि मग क्रोएशियाच्या बोटवाल्यांना पाठवणार होता.

सकाळी सहाला तो निघाला तेव्हा ईश्वरी दार लावायला उठली. एकोणीस वर्षांची मुलगी, इथेच कॉलेजात. तिला क्रोएशियाला यायचं नव्हतं. कारण विचारलं की "आय हेट बोट्स" एवढंच सांगायची.

"बाबा, बीपीची गोळी?"

"घेतली."

"ओके. अँड प्लीज, डोन्ट फाइट विथ एनीवन."

"मी कशाला भांडू?" गुणवंत म्हणाला.

बसमध्ये त्याच्या शेजारी महादू येऊन बसला. महादू म्हणजे गोपीनाथची बायको मीनाक्षी, तिचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, बिनलग्नाचा, अंगाने सुटलेला. गोपीनाथचा केटरिंगचा धंदा होता, त्यात तो व्हॅन चालवायचा. त्याने बसल्याबसल्या फॉइल उघडलं. आत सहा उकडलेली अंडी होती. तो एकेक सोलून खायचा आणि टरफलं पुढच्या सीटच्या जाळीत टाकायचा. मधेच व्हॅनच्या किल्लीने कान कोरायचा आणि किल्लीकडे बघायचा.

"दादा, अंडं घ्या," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी बोट जास्त लागते."

"नको."

"एक तरी. पोटाला आधार."

"नको म्हटलं ना."

गुणवंतने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या रस्त्याला एकामागून एक बोगदे आहेत. प्रत्येक बोगद्यात मागची पोरं ओरडायची, आणि काचेत महादूचं चघळणारं तोंड दिसायचं. बोगदा संपला की डोंगर, परत बोगदा, परत तोंड.

खोर फक्कानला बदरुद्दीनची लाकडी बोट उभी होती. बदरुद्दीन केरळचा, पंचवीस वर्षं याच किनाऱ्यावर. गोपीनाथने त्याच्याशी हिंदीत घासाघीस केली, माणशी पस्तीस दिरहमवर आणलं, आणि वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पस्तीस! म्हणजे आठशे रुपये. अलिबागला यात बोटीचा वासही देत नाहीत. चला, यल्ला!"

बोटीत डिझेलचा वास होता. बाकांवर गाद्या टाकल्या होत्या आणि त्या आधीच्या कुणाच्या तरी घामाने ओलसर होत्या. बोट सुटली तशी बायकांनी पोह्यांचे डबे उघडले. दोन जोडपी पुढच्या टोकाला जाऊन हात पसरून फोटो काढू लागली. एका माणसाने शर्ट काढला. गुणवंत कडेला बसून बंदरातल्या क्रेनकडे बघत राहिला. तिथे माणसं नव्हती, म्हणून बघायला बरं वाटत होतं.

मग मीनाक्षी एक पिशवी घेऊन फिरायला लागली. तिने सगळ्यांसाठी गळ्यात घालायची कार्डं करून आणली होती, नाव आणि खाली केबिन नंबर. तिने गुणवंतच्या हातात त्याचं कार्ड ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेली. 'गुणवंत, ९.' त्याने वाट बघितली. दुसरं कार्ड येईल असं त्याला खरंच वाटत होतं. ते खिशात ठेवायचं, असंही त्याने मनात ठरवलं होतं.

दुसरं कार्ड शेजारी आलं. महादूच्या पोटावर.

"अरे वा, दादा, आपण पार्टनर!" महादू म्हणाला. कार्डावर ९ होता. "मी खिडकीकडे झोपलो तर चालेल ना? मला वारा लागतो. आणि घोरतो जरा, आधीच सांगतो."

गुणवंत उभा राहिला. बोट हलत होती म्हणून त्याने वरच्या दांडीला धरलं.

"गोपीनाथ! इकडे ये."

गोपीनाथ चहा ओतत होता. त्याने थर्मास खाली ठेवला. तो आला, पण दोन हात लांबच थांबला. "गुणवंता, नंतर बोलू. किनाऱ्याला लागू दे."

"नंतर नाही. हे काय आहे?"

"नंतर बोलू म्हणतोय ना."

"तिच्या जागेवर हा?" गुणवंतने महादूकडे बोट केलं. "हा झोपणार तिच्या पलंगावर? मी तेराव्याला सगळ्यांसमोर काय सांगितलं होतं? तू ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"मग नाव कधी काढलंस तिचं?"

गोपीनाथ खाली ठेवलेल्या थर्मासकडे बघायला लागला.  फक्त इंजिनचा आवाज. अशा वेळी कुणीतरी भलतंच बोलतं, तशा सत्यभामाबाई बोलल्या. त्या मराठी मंडळातल्या सगळ्यांत वडील, शारजाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. भांडण मिटावं म्हणून त्या म्हणाल्या, "अहो, नाव बदलायची मुदत संक्रांतीपर्यंतच होती ना. मला आठवतंय, तिळगूळ करता करता मी तो मेसेज वाचला. त्यानंतर बदलता आलं नसतं, म्हणून बिचाऱ्यांनी..."

आणि त्या थांबल्या. संक्रांत चौदाला. विभावरी गेली सतराला. बोटीवरच्या प्रत्येकाने तेवढा हिशेब केला.

"चौदा," गुणवंत म्हणाला. "म्हणजे ती जिवंत होती."

"गुणवंता..."

"श्वास चालू होता तिचा. बोलत होती. पाणी मागत होती. आणि तू इकडे तिच्या पलंगावर मेव्हण्याची वळकटी टाकलीस. अरे, गिधाडंसुद्धा जीव जायची वाट बघतात. अठरा वर्षं, गोप्या! एका खोलीत राहिलो आपण, एका ताटात जेवलो. थू!"

तो खरंच थुंकला. समुद्रात थुंकायचं होतं, पण वारा उलटा होता. थोडं त्याच्याच बाहीवर आलं.

गोपीनाथचं तोंड लाल झालं होतं.  तो वळून मागे बदरुद्दीनजवळ गेला आणि उगाचच दोरखंड गुंडाळायला लागला.

पुढचे दोन तास गुणवंतशी कुणी बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर तीन महिन्यांत त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. आपण बरोबर आहोत, हे त्याला कळलं होतं. माणसांचे दात किळसवाणे दिसतात ते उगाच नाही, माणसंच तशी आहेत. बोट छोट्या बेटाजवळ थांबली, लोक पाण्यात उतरले, ओल्या चड्ड्यांनी परत येऊन त्याच गाद्यांवर बसले, कालवलेला भात खाल्ला, बोटं चाटली. तो सगळ्यांकडे बघत होता आणि आतून कोरडा, स्वच्छ होता. एक विभावरी सोडली तर जगात आपलं कुणी नव्हतं, आणि तिलाही या लोकांनी सोडलं नाही. हे वाक्य तो मनात परत परत म्हणत होता. म्हणायला चांगलं वाटत होतं.

बेट सोडून बोट उघड्या समुद्रात आली तसा वारा वाढला. गोपीनाथच्या तालमीचा खरा भाग आता सुरू झाला. पहिला बळी महादू. तो कठड्याला धरून वाकला आणि अंडी, पोहे, भात, सगळं बाहेर आलं. काही पाण्यात गेलं, काही कठड्यावर, काही त्याच्या गळ्यातल्या कार्डावर. गोपीनाथ त्याची पाठ चोळत होता. मीनाक्षी लिंबू कापत होती. तो वास गुणवंतपर्यंत आला.

"हा माणूस," गुणवंत मोठ्याने म्हणाला, "सात रात्री तिच्या गादीवर हेच करणार. फेका त्याला खाली, म्हणजे जागा रिकामी होईल. तुम्हाला सवय आहे, जिवंत माणसाची जागा रिकामी करायची."

मीनाक्षीच्या हातातली सुरी थांबली.

"भावजी, पुरे," ती म्हणाली.

"मीनाक्षी, नको," गोपीनाथ म्हणाला.

"का नको? तेराव्यापासून गप्प आहे मी. तुम्ही सांगितलंत म्हणून गप्प. त्याला आठवत नसेल, त्याला त्रास होईल, तू बोलू नकोस. मग आज यांची थुंकी आम्ही का झेलायची? माझ्या भावाला समुद्रात फेकणार होय? द्या तो फोन."

"मीनाक्षी, शपथ आहे तुला."

तिने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून फोन काढून घेतला. ग्रुप उघडला, नाव होतं 'यल्ला क्रोएशिया', आणि अंगठ्याने वर वर ढकलत राहिली. मार्च गेला, फेब्रुवारी गेला. मग तिने फोन गुणवंतच्या हातात दिला.

चौदा जानेवारी, दुपारी दोन दहा. गोपीनाथचा मेसेज: 'नावबदल आज रात्रीपर्यंतच फ्री आहे. केबिन ९ मध्ये विभावरी वहिनींच्या जागी महादूचं नाव टाकतो. गुणवंत, ओके?'

आणि त्याखाली, दोन बाराला, एक पिवळा अंगठा. पुढे नाव गुणवंत.

त्याने दोनदा वाचलं.

"अरे, चुकून बोट लागलं असेल," गोपीनाथ घाईघाईने म्हणाला. "फोनला काय, कुठेही बोट लागतं. त्या दिवसांत तू कुठे भानावर होतास? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

महादू कठड्यावरून मान वर करून तोंड पुसत होता. त्याने अर्धवटच ऐकलं होतं. "नाही हो दाजी," तो म्हणाला, "मलाच लागलीय. दादा ठणठणीत आहेत."

दोघेतिघे हसले, आणि लगेच समुद्राकडे बघायला लागले.

गुणवंतला ती दुपार आठवत होती. ते आठवू नये असं त्याला वाटत होतं, पण आठवत होती. तो हॉस्पिटलच्या खालच्या कॅन्टीनमध्ये बसला होता. इमारतींच्या एसीच्या चिलर दुरुस्तीवर तो सुपरवायझर, त्यामुळे ऑफिसचे चार ग्रुप. 'पंप बंद', अंगठा. 'पंप चालू', अंगठा. पुण्याहून भावाचे मेसेज, डॉक्टरांच्या वेळा, अंगठा, अंगठा. त्या आठवड्यात त्याने दिवसाला शंभर अंगठे दिले असतील. पण हा त्यातला नव्हता. हा त्याने वाचला होता. 'आज रात्रीपर्यंतच फ्री' हे वाचून, बरोबर आहे, उगाच वाया कशाला, असं त्याला वाटलं होतं. डॉक्टरने आदल्या दिवशी सांगितलं होतं, फार तर पंधरा दिवस. त्याने विचार केला होता, आणि मग अंगठा दिला होता.

तेराव्याला उभं राहून बोलला तेव्हा हे तो विसरला होता का? तेही त्याला नक्की सांगता येईना. त्या दिवशी सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या, हे मात्र आठवत होतं.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली.

"हे तू ग्रुपवर टाकलंस," तो म्हणाला.

"सगळं ग्रुपवरच टाकतो ना मी," गोपीनाथ म्हणाला.

"ग्रुपात ती होती."

 तो ग्रुप तिनेच काढला होता. तीस माणसं तिनेच त्यात घातली होती. चौदा जानेवारीला तो मेसेज सगळ्यांनी वाचला, आणि ती अजून ग्रुपात आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्या नवऱ्याच्याही नाही.

"आईशप्पथ, गुणवंता," गोपीनाथ म्हणाला, "मला सुचलंच नाही रे. मी तर..."

"तिने वाचला का?"

"जाऊ दे ना आता."

"ज्याने पाठवला त्याच्या फोनवर दिसतं. कुणी वाचला, किती वाजता. कसं बघायचं?"

गोपीनाथने फोन परत घ्यायला हात पुढे केला. गुणवंतने दिला नाही. शेवटी गोपीनाथनेच मेसेजवर बोट दाबून धरलं. नावांची यादी आली. सत्यभामाबाई, मीनाक्षी, बाकीचे सगळे. खाली कुठेतरी ती होती. विभावरी, तीन वाजून पाच मिनिटं.

किनारा जवळ होता, फोनला रेंज होती. गुणवंत पुढच्या टोकाला गेला आणि त्याने ईश्वरीला फोन लावला.

"आईचा फोन चौदा जानेवारीला दुपारी कुणाकडे होता?"

"व्हॉट? बाबा, आर यू ओके?"

"सांग. तुझ्याकडे होता का? तू तिचे मेसेज बघायचीस ना?"

तिने तिकडे कुठलं तरी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "नो. तिच्याकडेच होता." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही तो मेसेज बघितलात."

"तुला माहीत होतं?"

"शी शोड मी. ती हसली, बाबा. म्हणाली, 'बघ, बाबांनी मला बोटीतून उतरवलं.' अँड देन शी सेड, डोन्ट टेल हिम."

"हसली म्हणजे कशी हसली?"

"आय डोन्ट नो. जस्ट... हसली."

"रागावली होती का?"

"बाबा, प्लीज. शी आस्क्ड मी टू चार्ज द फोन. मग झोपली."

गुणवंतने फोन बंद केला. चौदाची दुपार गेली. मग पंधरा, मग सोळा. त्या दोन दिवसांत तो तिच्या उशाशी बसून काय बोलत होता, ते आता त्याला शब्दन् शब्द आठवायला लागलं. तू जूनपर्यंत उभी राहशील, तो म्हणत होता. आपण ह्वारला उतरू, कोर्चुलाला उतरू, त्या ठसक्याच्या बेटावर जाऊ. तुझ्यासाठी खिडकीकडचा पलंग. ती त्याच्याकडे बघून "हो" म्हणायची. दर वेळी म्हणायची. तिने त्याला एकदाही खोट्यात पकडलं नाही. आणि तो बोलत राहिला, आपल्या आवाजावर खूश होऊन.

त्याला स्वतःचं तोंड नकोसं झालं. तोंडातली जीभ नकोशी झाली. सकाळपासून ज्यांचे दात दिसत होते त्या सगळ्यांपेक्षा जास्त.

बोट वळून बंदराकडे निघाली होती. गोपीनाथने डोळे पुसले, कागद काढला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात करायचा प्रयत्न केला. "चला, शेवटची यादी. मी केबिन वाचणार, दोघांनी 'बरोबर' म्हणायचं. नंतर स्पेलिंग चुकलं, असं मला सांगायचं नाही. केबिन एक."

जोडपी एकेक करून 'बरोबर' म्हणत गेली. पोरं मोठ्याने म्हणायची. सत्यभामाबाईंनी चष्मा लावून खात्री करून घेतली. सात झाली, आठ झाली.

"केबिन दहा," गोपीनाथ म्हणाला.

"नऊ राहिली," गुणवंत म्हणाला.

"तुझं आपण नंतर बघू रे. तुझं तू ठरव निवांत."

"वाच. पण आधी थांब."

तो दांडीला धरून उभा राहिला. सकाळी जिथे उभा होता तिथेच. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हे बघणं त्याच्या ओळखीचं होतं, तेराव्यालाही असेच बघत होते.

"तिचं नाव मी काढलं," तो म्हणाला. "गोपीनाथने विचारलं, मी हो म्हटलं. चुकून नाही. वाचून, विचार करून. ती वर खाटेवर होती आणि मी खाली चहा पीत होतो. तिने ते वाचलं. सकाळी मी गोपीनाथला जे बोललो ते त्याचं नाही, माझं आहे."

"असू दे हो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माणूस त्या वेळी..."

"असू दे म्हणू नका."

 एका बाईने पदर डोळ्याला लावला. गुणवंतने तिच्यावरून नजर काढली. आता 'माझंही नाव काढ' म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण आता तो सहलीलाच नाही म्हणाला असता तर या सगळ्यांनी परत डोळे पुसले असते, आणि घरी जाऊन सांगितलं असतं, बायकोवर किती जीव होता बघा. ते त्याला नको होतं.

महादू अजून पिवळा पडलेला होता. तो जवळ सरकला. त्याच्या अंगाला वास येत होता. "दादा," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर मी नाही येत. मला तसं काही नाही बेटांचं. ताई म्हणाली म्हणून."

"तू यायचं," गुणवंत म्हणाला. "नाव तुझं आहे."

मीनाक्षी लिंबाच्या साली पिशवीत भरत होती. तिने मान वर केली नाही. तिने माफ केलं नव्हतं, आणि त्याला त्याचं बरं वाटलं.

"वाच," तो गोपीनाथला म्हणाला.

गोपीनाथने कागद डोळ्यांजवळ नेला. "केबिन नऊ. गुणवंत. महादू."

"बरोबर," महादू म्हणाला.

गोपीनाथ थांबला. बदरुद्दीनने इंजिन कमी केलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"बरोबर आहे," गुणवंत म्हणाला.

गोपीनाथने पेनाने खूण केली आणि दहावी केबिन वाचली.